जीभ, नाक आणि सवय: खाण्याच्या आवडीनिवडींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेवताना, प्रवासात, परक्या देशातल्या पाहुण्यांसमोर हे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. उत्तरं देताना मी एक भूमिका धरली आहे: आवडनिवड शरीर थोडी ठरवतं आणि सवय पुष्कळ ठरवते. म्हणून दुसऱ्याच्या ताटातल्या पदार्थाला नाक मुरडण्याआधी तो तिथे कसा आला हे विचारावं.

कोथिंबीर मला साबणासारखी लागते. बाकीचे म्हणतात, हे नखरे आहेत. खरं काय?

नखरे नाहीत. कोथिंबिरीच्या वासात ॲल्डिहाइड गटातली काही संयुगं असतात आणि तशीच संयुगं साबणात व काही किड्यांच्या स्रावातही सापडतात. २०१२ साली हजारो लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास झाला. त्यात वास ओळखणाऱ्या 'ओआर६ए२' या जनुकाजवळचा एक फरक आणि साबणासारखी चव लागणं यांचा संबंध दिसला. त्याच वर्षी टोरांटोतल्या तरुणांच्या पाहणीत कोथिंबीर नावडणाऱ्यांचं प्रमाण वंशागणिक ३ ते २१ टक्के आढळलं. मध्यपूर्वेत मुळं असलेल्यांमध्ये ते सर्वांत कमी होतं, पूर्व आशियाई मुळांच्या लोकांमध्ये सर्वांत जास्त.

तरीही जनुकाचा वाटा लहानच आहे. तोच फरक अंगात असूनही आवडीनं कोथिंबीर खाणारी माणसं पुष्कळ आहेत. पानं बारीक वाटून थोडा वेळ ठेवून बघा. पानांतलीच विकरं (एन्झाइम) त्या ॲल्डिहाइडचं रूप बदलतात आणि वास बराच सौम्य होतो.

जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट. शाळेतला तो नकाशा खरा आहे का?

नाही. १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन संशोधकानं जिभेच्या वेगवेगळ्या भागांची संवेदनशीलता मोजली. त्याला फरक सापडले ते अगदी किरकोळ. १९४२ मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी ती माहिती आलेखात अशी मांडली की वाचणाऱ्यांना वाटलं, एका भागाला एकच चव कळते. तेव्हापासून तो नकाशा पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला. प्रत्यक्षात जिथे जिथे रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे गुच्छ, आहेत तिथे सगळ्या मूळ चवी कळतात. जिभेच्या टोकावर मीठ ठेवा, लगेच खात्री पटेल.

मग मूळ चवी किती?

आज पाच मानल्या जातात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. पाचवी १९०८ मध्ये टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी शोधली. कोंबू या समुद्री शेवाळाच्या सारात जी भरदार चव असते ती इतर चारांत बसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्यातून ही चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं. पिकलेला टोमॅटो, मुरलेलं चीज, मशरूम, सुकवलेले मासे या सगळ्यांत ही चव आहे. आईच्या दुधातही ग्लुटामेट भरपूर असतं, म्हणजे या चवीशी आपली ओळख जन्मापासूनची असते.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या बोनिटो माशात उमामी चव देणारं दुसरं संयुग, इनोसिनेट, शोधलं. पुढे असं दिसलं की ग्लुटामेट आणि इनोसिनेट एकत्र आले की चव बेरजेपेक्षा कितीतरी पटीनं वाढते. शेवाळ आणि मासा एकत्र उकळून सार करणाऱ्या जपानी स्वयंपाकघरांना हे रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी उमगलं होतं. युरोपातले रस्सेवाले मांसाबरोबर भाज्या टाकतात, तेही त्याच वाटेनं तिथे पोचले. शतकानुशतकं चाखून चाखून माणसांनी जे ठरवलं, त्याची कारणं प्रयोगशाळेत उशिरा सापडतात.

सर्दी झाली की सगळं बेचव का लागतं?

कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो. चावताना घशामागून हवा नाकात चढते आणि तो वास मेंदू जिभेच्या खात्यावर टाकतो. नाक चिमटीत धरून डोळे मिटून सफरचंद आणि कच्चा बटाटा खाऊन बघा, ओळखणं अवघड जाईल. सर्दीत गोड-खारट कळत राहतं, गायब होतो तो पदार्थाचा चेहरामोहरा.

तिखट ही चव नाही असं म्हणतात. मग काय आहे?

ती वेदना आहे, तीही भाजल्याची. तोंडात 'टीआरपीव्ही१' नावाचे ग्राही, म्हणजे संवेदना टिपणारे रेणू, असतात. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उष्णता गेली की ते मेंदूला भाजल्याचा इशारा देतात. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच ग्राहींना जागं करतं. तापमान वाढलेलं नसतं, तरी मेंदूला आग लागल्याचा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये हा ग्राही शोधला आणि त्याबद्दल त्यांना २०२१ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. पुदिन्याचा गारवा हाही असाच भास आहे, फक्त तिथे थंडी ओळखणारा ग्राही जागा होतो.

पक्ष्यांना मात्र मिरची तिखट लागत नाही. ते फळ खातात, बिया न चावता दूरवर टाकतात आणि झाडाचं काम होतं. बिया चावून नष्ट करणाऱ्या सस्तन प्राण्यांना दूर ठेवायला हे तिखटपण आहे. सस्तन प्राण्यांपैकी माणूस मात्र ते मुद्दाम, आवडीनं खाऊ लागला. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांचं म्हणणं असं की शरीर धोक्याचा इशारा देतं, पण धोका नाही हे मनाला ठाऊक असतं आणि त्यातच मजा येते. मला हे पटतं, पण पुरेसं वाटत नाही. मेक्सिकोत लहान मुलाला कुणी जबरदस्तीनं मिरची भरवत नाही. मोठी माणसं आवडीनं खाताना रोज दिसतात, म्हणून ते एक दिवस स्वतःहून हात पुढे करतं. मजा त्यानंतर येते, आधी येते ती सोबत बसण्याची इच्छा.

तिखटानं तोंड भाजलं तर पाणी प्यावं का?

नको. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाणी ते फक्त तोंडभर पसरवतं. दूध किंवा दही घ्या. त्यातलं केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेतं. साखरेचाही उपयोग होतो.

उष्ण देशांतलं जेवण जास्त मसालेदार का असतं?

बरीच वर्षं एक उत्तर दिलं जायचं: उष्णतेत अन्न लवकर खराब होतं, मसाले जंतू मारतात, म्हणून तिथे मसाले जास्त. १९९८ मध्ये ३६ देशांतल्या मांसाहारी पाककृती तपासून हा विचार मांडला गेला आणि तो लोकप्रिय झाला. २०२१ मध्ये ७० खाद्यसंस्कृतींमधल्या ३३ हजारांहून जास्त पाककृती तपासल्या गेल्या तेव्हा ते उत्तर टिकलं नाही. मसाल्यांचं प्रमाण तापमानाशी नीट जुळत नव्हतं. त्या भागात किती जातींचे मसाले पिकतात यानंही फरक उलगडला नाही. म्हणजे एका वाक्यातलं उत्तर नाही. व्यापाराच्या वाटा, गरिबी-श्रीमंती, धर्म, शेजार हे सगळं प्रत्येक ठिकाणी वेगवेगळं तपासावं लागेल.

काही देशांतले लोक इतक्या उग्र वासाचे पदार्थ आवडीनं कसे खातात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा चेहरा वाकडा करून येतो. म्हणून सावकाश उत्तर देतो.

आइसलँडचा हाकार्ल घ्या. ग्रीनलँड शार्क हा मासा ताजा खाल्ला तर विषारी असतो. तो आंबवून मग कित्येक महिने वाऱ्यावर टांगला की खाण्याजोगा होतो. त्याला अमोनियाचा तीव्र वास येतो, खरं आहे. पण जिथे लाकूड कमी, शेती अवघड आणि हिवाळा लांब, तिथे एवढा मोठा मासा फेकून देणं परवडणारं नव्हतं. स्वीडनमधला सुरस्ट्रोमिंग हा आंबवलेला हेरिंग मासा. त्यात मीठ इतकंच असतं की मासा सडत नाही, आंबत राहतो. डब्यात भरल्यावरही आंबणं चालू राहतं आणि डबा फुगतो, म्हणून तो उघड्यावर फोडतात. जपानचा नात्तो म्हणजे आंबवलेलं, तार सुटणारं सोयाबीन. तो अनेक जपानी घरांत सकाळी भाताबरोबर असतो, पण पश्चिम जपानमध्ये त्याचं नाव काढताच तोंड वेंगाडणारेही पुष्कळ भेटतात. 'जपानी लोकांना आवडतो' असं सरसकट म्हणता येत नाही, हे त्यातून शिकण्यासारखं.

आता नाकाची बाजू. जुन्या चीजमध्ये आयसोव्हॅलेरिक आम्ल असतं आणि घामेजलेल्या पायांच्या वासातही तेच असतं. २००५ मध्ये एका प्रयोगात लोकांना हा वास चेडर चीजच्या स्वादासह हुंगायला दिला. एकदा पाटी होती 'चेडर चीज', एकदा 'अंगाचा वास'. वास तोच, पण चीजची पाटी असताना लोकांनी तो बराच सुखद ठरवला. मेंदूच्या प्रतिमांमध्येही फरक दिसला, म्हणजे ते भिडेखातर तसं सांगत नव्हते. त्यांना तो खरोखर वेगळा लागला.

किळस खरी असते, तिला खोटं ठरवायची गरज नाही. पण ती पदार्थाबद्दल फार कमी सांगते. आपण कोणाच्या शेजारी बसून वाढलो, हेच त्यातून जास्त कळतं.

लहान मुलं नवा पदार्थ बघताच 'नको' का म्हणतात?

साधारण दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान नव्या अन्नाची भीती सर्वांत जास्त असते. चालायला लागलेलं मूल जे दिसेल ते तोंडात घालेल तर जिवावर बेतेल, म्हणून ही सावधगिरी उपयोगाची असावी. कडू चव नकोशी वाटणं तर जन्मजात, कारण निसर्गातली बरीच विषं कडू असतात.

यावर आग्रह कामाचा नाही. एखादा पदार्थ मूल स्वीकारेपर्यंत आठ-दहा, कधी पंधरा वेळाही तो थोडा थोडा समोर यावा लागतो. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळी हार मानली जाते. आणि सुरुवात जन्माच्याही आधी होते. २००१ मधल्या एका प्रयोगात काही स्त्रियांनी गरोदरपणात, तर काहींनी अंगावर पाजत असताना गाजराचा रस घेतला. पुढे त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीची पेज इतर बाळांपेक्षा खुशीत खाल्ली.

एकदा एक पदार्थ खाऊन उलट्या झाल्या. वर्षं झाली, अजून तो समोर नको वाटतो. हे मनाचे खेळ का?

शरीराची शिकवण आहे. १९५५ मध्ये जॉन गार्सिया यांनी उंदरांवर हे दाखवलं: गोड पाण्यानंतर किरणोत्सर्गानं आजारी पडलेले उंदीर पुन्हा ते पाणी टाळत. पुढे हेही दिसलं की चव आणि आजार यांत काही तासांचं अंतर असलं तरी एकदाच्या अनुभवात हा धडा पक्का होतो. आजार त्या पदार्थामुळे नव्हता, साधा ताप होता, हे तुम्हाला ठाऊक असलं तरी नावड जात नाही.

मला चव चालते, पण बुळबुळीत पदार्थ घशाखाली उतरत नाहीत. असं का?

तोंडातला स्पर्श ही चवीइतकीच मोठी बाब आहे आणि याबाबत संस्कृती फार वेगळ्या आहेत. चिनी स्वयंपाकात जेलीफिश, समुद्री काकडी यांना स्वतःची चव जवळजवळ नसते. त्यांना मान मिळतो तो दाताखालच्या कुरकुरीत-लवचिक अनुभवासाठी. आवाजाचाही हात असतो. २००४ मध्ये ऑक्सफर्डच्या एका प्रयोगात बटाट्याचे वेफर्स खाताना त्याच चावण्याचा आवाज कानात वाढवून ऐकवला, तर लोकांना तेच वेफर्स जास्त कुरकुरीत लागले.

दूध पचत नाही म्हणजे माझ्यात दोष आहे का?

अजिबात नाही. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये दुधातली लॅक्टोज साखर पचवण्याची क्षमता लहानपणानंतर घटते. उत्तर युरोपात आणि काही पशुपालक समाजांत ती मोठेपणीही टिकते, म्हणजे अपवाद तेच आहेत. मंगोलियात ही क्षमता फार थोड्यांमध्ये टिकते, तरी तिथलं जेवण दुधाच्या पदार्थांनी भरलेलं असतं. त्यांनी घोडीचं दूध आंबवलं, दही-चीज केलं आणि पचनाचं बरंचसं काम जिवाणूंकडे सोपवलं.

अजिनोमोटो वाईट असतं का?

त्यात असतं मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे इकेदांनी कोंबूतून वेगळं काढलेल्या ग्लुटामेटचा सोडियम क्षार. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पत्रात चिनी उपाहारगृहात जेवल्यावर धडधड आणि बधिरपणा जाणवल्याचं लिहिलं होतं. त्यात कारण म्हणून अनेक शक्यता होत्या, बदनाम झालं ते ग्लुटामेट. नंतर कोणाला काय दिलंय हे लपवून चाचण्या झाल्या, तेव्हा अन्नाबरोबर घेतलेल्या ग्लुटामेटनं अशी लक्षणं सातत्यानं दिसली नाहीत. टोमॅटो-चीज बिनघोर खाणारी माणसं केवळ चिनी जेवणातल्या ग्लुटामेटला घाबरत राहिली, यात एका समाजाच्या स्वयंपाकावर अन्याय झाला असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या आचेवर मांस परतलं की रस आत कोंडला जातो ना?

नाही. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञानं हे सांगितलं आणि ते चिकटून राहिलं. परतताना जो चर्र आवाज येतो तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. तरीही परतावंच, कारण साधारण १४० अंशांच्या वर अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातली प्रक्रिया वेगानं होते. १९१२ मध्ये लुई-कामिय मायार यांनी ती वर्णन केली. पावाची कड, भाजलेली कॉफी, परतलेला कांदा यांचा खमंगपणा बराचसा तिचाच. पृष्ठभाग ओला असेल तर तापमान १०० अंशांवर अडकतं, म्हणून आधी पुसून कोरडं करा आणि भांड्यात गर्दी करू नका.

तीच कृती, तेच प्रमाण, तरी माझा पदार्थ वेगळा का होतो?

कृतीत लिहिलेलं नसतं त्यामुळे. चमचाभर बारीक मीठ आणि चमचाभर जाडं मीठ वजनाला सारखं नसतं. पाण्यात क्षार जास्त असले तर कडधान्य मऊ व्हायला वेळ लागतो. टोमॅटोसारखं आंबट आधी टाकलं तरी तसंच होतं, म्हणून आंबट शेवटी. उंचीनुसार पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश. बोलिव्हियातलं ला पाझ सुमारे ३,६०० मीटरवर आहे. तिथे पाणी जवळपास ८८ अंशांनाच उकळतं. समुद्रकिनारी लिहिलेली 'वीस मिनिटं शिजवा' ही सूचना तिथे कामाची नाही. 'हाताची चव' म्हणतात तिच्यात माझ्या मते सगळ्यात मोठा भाग असतो तो चाखत चाखत सुधारण्याचा. तो कागदावर उतरत नाही.

कुठे भात मोकळा, कुठे चिकट. चुकतं कोण?

कोणीच नाही. तांदळाच्या पिष्टात अमायलोज हा घटक जास्त असेल तर भात सुटसुटीत होतो, कमी असेल तर चिकटतो. लाओसमधल्या चिकट तांदळात ते जवळजवळ नसतंच. तो वाफवून हातानं गोळा करून खातात, आणि काड्यांनी खाणाऱ्याला किंचित चिकटच सोयीचा.

अस्सल, पारंपरिक पदार्थ कोणता हे कसं ठरवायचं?

माझा सल्ला: वय विचारू नका, पद्धत विचारा. टोमॅटो, मिरची, बटाटा, मका हे सगळे अमेरिका खंडातले. १४९२ च्या आधी इटलीत टोमॅटो नव्हता, कोरियाच्या किमचीत लाल मिरची नव्हती. मेक्सिकोतला ताकोस अल पास्तोर, म्हणजे शिगेवर भाजून पोळीत घातलेलं मांस, लेबनॉनमधून आलेल्यांच्या फिरत्या शिगेवरून आला. जपानमध्ये कच्च्या साल्मनची सुशी सर्रास झाली ती १९८० च्या दशकात नॉर्वेनं जोर लावल्यानंतर. यातला कोणताही पदार्थ मला कमी अस्सल वाटत नाही.

पद्धत का महत्त्वाची, हे मक्यावरून कळतं. मेसोअमेरिकेतले (मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडचा भाग) लोक तीन हजारांहून जास्त वर्षांपासून मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवत आले. त्यामुळे साल सुटतं, पीठ मळता येतं आणि मक्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपीयांनी मका उचलला, चुना मागेच राहिला. मग स्पेन, इटली आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत, जिथे गरीब माणसं जवळजवळ फक्त मक्यावर जगत होती, तिथे पेलाग्रा हा रोग पसरला: त्वचा फाटणं, जुलाब, बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. स्पॅनिश वैद्य गास्पार कासाल यांनी तो १७३५ मध्ये टिपला. तो संसर्गजन्य आहे असं मानणाऱ्यांशी अमेरिकी वैद्य जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून झगडले; कमतरता आहाराची आहे हे त्यांनी दाखवलं. नायसिनचं नाव पुढे आलं १९३७ मध्ये. ज्या बायका पहाटे चुन्याच्या पाण्यात मका शिजवत होत्या, त्यांना कोणी विचारलं असतं तर कित्येक जीव वाचले असते.

विमानात जेवण सपक का लागतं?

हवा फार कोरडी असते, दाब कमी असतो, त्यामुळे नाक मंदावतं. इंजिनाच्या आवाजानं गोडाची जाणीव घटते आणि उमामीची वाढते असं प्रयोगात दिसलं आहे. टोमॅटोचा रस मागवा.

वय वाढलं की चव बदलते का?

बदलते. रुचिकलिकांतल्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या होत असतात, पण साठीनंतर वासाची क्षमता घसरते आणि जेवणाचा आनंद तिच्याबरोबर कमी होतो. घरातली वयस्क माणसं 'मीठ कमी आहे' म्हणतात तेव्हा चिडू नका. त्यांच्यासाठी मीठ वाढवण्यापेक्षा वास, आंबटपणा आणि कुरकुरीतपणा वाढवा.

नावडता पदार्थ आवडून घेता येतो का?

बहुतेक वेळा येतो, आणि मला वाटतं प्रयत्न करावाच. कडूपणा आड येत असेल तर चिमूटभर मीठ घाला. सोडियम कडू चव दाबतं हे १९९७ मध्ये प्रयोगानं दाखवलं गेलं. वास आड येत असेल तर पदार्थ थोडा गार होऊ द्या, गार अन्नातून वास कमी उठतो. पोत आड येत असेल तर शिजवण्याची पद्धत बदला, पातळ भाजी नको वाटते ती भाजून चालू शकते. भूक असताना, ओळखीच्या चवीच्या जोडीनं, अगदी एक घास घ्या आणि थांबा. काही दिवसांनी पुन्हा. शक्य असेल तर ज्यांना तो पदार्थ मनापासून आवडतो त्यांच्या हातचा, त्यांच्याबरोबर बसून खा. ते कशाबरोबर खातात, कुठला भाग आधी घेतात, किती घेतात ते बघा. इतकं करूनही नकोच वाटला तर सरळ 'मला नाही आवडत' म्हणा. 'हे वाईट आहे' म्हणू नका.